चौकशीबाईंचे शेरे

माणूस मेला की सहा गुण आणि ठणठणीत असला तर शून्य, अशी परीक्षा मी जन्मात एकच पाहिली. ती पक्षाघाताची. झटका येऊन तीन महिने झाले की रुग्णाला फोन करायचा, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि शून्य ते सहामधला एक आकडा त्याच्या नावापुढे लिहायचा. काहीच त्रास नाही, तर शून्य. थोडं जाणवतं पण सगळं जमतं, तर एक. काही कामं सुटली पण स्वतःचं स्वतः बघतो, दोन. चालतो आपला आपण, पण रोजच्या गोष्टींना दुसरं माणूस लागतं, तीन. चालायलाही आधार लागला की चार, अंथरुणाला खिळला की पाच. सहाचं सांगून झालंच आहे.

आमच्या हॉस्पिटलात हे संशोधन सुरू झालं तेव्हा फोन करायला एक बाई ठेवल्या. त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत, कारण त्याआधी सव्वीस वर्षं त्या बस स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसल्या होत्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून नवऱ्याचं तोंड किती बघणार, म्हणून आमच्याकडे आल्या, असं त्या स्वतःच मुलाखतीत म्हणाल्या. मुलाखत घेणाऱ्या मॅडम, म्हणजे संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर, या एका वाक्यावर त्यांना नेमून मोकळ्या झाल्या.

माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर. खोली तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी तिथे एक्स-रेच्या जुन्या फिल्मा ठेवत. फिल्मा गेल्या, आंबूस वास राहिला. मी आकडेवाला. रुग्ण दाखल झाला की त्याचं वय, रक्तदाब, साखर, स्कॅनमध्ये दिसलेल्या गुठळीची जागा, हातापायांतली ताकद, असं सगळं मी कॉम्प्युटरमध्ये भरायचो आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम तीन महिन्यांनंतरचा आकडा त्याच दिवशी सांगून टाकायचा. म्हणून चौकशीबाई मला ज्योतिषी म्हणत. मला पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती, डॉक्टरेट होती, पण त्यांच्या लेखी मी पोपट घेऊन बसलेला माणूस.

पहिल्या महिन्यात त्यांनी छापील प्रश्न एकदाही वाचले नाहीत. "आपण आपली दैनंदिन कामे कोणाच्याही साहाय्याविना पार पाडू शकता काय?" हा प्रश्न पाहून त्या म्हणाल्या, "असं विचारलं तर माणूस घाबरून हो म्हणेल." त्या विचारायच्या, "काल दुपारी जेवलात ते ताट कोणी उचललं?" मग मागून बायको बोलायची.

मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून समजावलं की सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच शब्दांत विचारला पाहिजे, नाहीतर उत्तरं एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

"बरं," चौकशीबाई म्हणाल्या. "मग मला जे ऐकू येतं ते कुठे लिहू?"

"फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना आहे, तिथे लिहा."

हे मॅडमनी सहज म्हटलं. तो रकाना कोणी वाचत नाही हे मॅडमना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. माझा प्रोग्रॅम फक्त आकडे खातो. शेरे त्याला पचत नाहीत.

वर्षभरात चारशेच्या वर फॉर्म झाले आणि माझं भविष्य चुकायला लागलं. तेही एका ठरावीक तऱ्हेने. पुरुषांचा आकडा मी सांगितल्यापेक्षा वाईट यायचा आणि बायकांचा चांगला. ज्याला मी एक दिला तो तीन निघायचा, जिला तीन दिला ती फोनवर म्हणायची, "अगदी झकास आहे हो मी." मी आकडे तीनदा तपासले. मग माझ्या विद्वत्तेला शोभेल असा निष्कर्ष काढला की चूक फोन करणाऱ्या बाईंची आहे.

"बाई, तुम्ही पुरुषांवर कसला तरी राग काढताय," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणाबद्दल बोलताय?"

"हे दोनशे बारा नंबर घ्या. कुलूपवाला. गुठळी लहान, दोन तासांत आला, इंजेक्शन मिळालं, घरी गेला तेव्हा हाताची पकड पक्की होती. मी एक दिला होता. तुम्ही तीन लिहिलाय."

"आंघोळीला बायको लागते, कपडे बायको घालते, जेवणही कधीकधी भरवते. तुमच्या नियमाने तीन होतात. मी काय करू?"

"पण त्याला काही झालेलंच नाही."

"ते मी शेऱ्यात लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या फोनला लागल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा मी कपाटातून फॉर्म काढून शेऱ्यांचा रकाना वाचला. दोनशे बारा नंबरच्या फॉर्मवर लिहिलं होतं: 'हात चालतो, मन चालत नाही. आजाराआधीही चहाचा कप स्वतः उचलत नसे. आता त्यासाठी डॉक्टरांचा आधार मिळाला आहे. मेव्हण्याने चाकांची खुर्ची आणून दिली आहे, तीत बसून हुकूम सोडतो.' एकशे सदुसष्टवर होतं: 'ही बाई खोटं बोलते. बोलताना भांडं दोनदा पडलं. एका हाताने स्वयंपाक करते आणि सगळं ठीक म्हणते.' तीनशे चारवर फक्त एवढंच: 'सासू शेजारी बसली होती.'

मी जेवायची सुट्टी सोडून ते सगळे वाचले. मग मॅडमकडे गेलो. मॅडमनी पाचसहा वाचले, एकदा हसल्या, आणि फॉर्म परत दिले. "गंमत आहे," त्या म्हणाल्या. "पण हा डेटा नाही."

"मग काय आहे?" चौकशीबाई माझ्यामागून आल्या होत्या हे मला माहीत नव्हतं.

"शेरे आहेत."

"तुम्हीच तर लिहायला सांगितलेत."

मॅडमना एकदम तातडीचं काम आठवलं. विषय तिथेच राहिला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दोनशे बारा नंबरला सहा महिने झाले. सहा महिन्यांनीही एक फोन असायचा. चौकशीबाई मुद्दाम मला म्हणाल्या, "आज तुमचा एक नंबरी पेशंट. या, कान द्या." आणि त्यांनी फोनचा स्पीकर लावला. सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे, तो दिवा लाल लागलेला होता. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन बायकोने उचलला. चौकशीबाईंची आणि तिची मागच्या फोनपासून चांगली ओळख झाली होती.

"बोला ताई. सहा महिने झाले वाटतं."

"झाले वहिनी. कसे आहेत साहेब?"

"बसलेत खुर्चीत. आत्ताच केस विंचरून दिले. डोक्यावर केस चाळीस, पण विंचरायला मी पाहिजे."

"जिना चढतात?"

"न चढायला काय झालंय? वरच्या मजल्यावर मॅच बघायला जातात तेव्हा माझ्याआधी वर असतात. येताना मात्र पाय जड होतात."

चौकशीबाईंनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी वहीत डोकं घातलं.

"आणि जेवताना घास स्वतःच्या हाताने घेतात का?"

"हाताने, ते आपलं, ताटाला आंघोळ," ती म्हणाली. "आंघोळ वाढते मी. किल्लीत."

मला हसू आलं. बाई नवऱ्याची चेष्टा करतेय असं वाटलं. चौकशीबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि फॉर्मच्या कोपऱ्यात अकरा नऊ असं लिहिलं.

"वहिनी, आज वार कोणता?"

"वार ना, हो. किल्ली." मग बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज. "किल्ली, किल्ली."

"ॲम्ब्युलन्स," चौकशीबाई मला म्हणाल्या, रिसीव्हरवर हात ठेवून. "दोनशे बाराचा पत्ता. तिला झटका आलाय."

मी दुसरा फोन उचलला. सहा वर्षं पक्षाघाताचे आकडे मांडत होतो, आणि पत्ता सांगताना माझी जीभ त्या बाईपेक्षा जास्त अडखळत होती. इकडे चौकशीबाईंनी रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि बस स्थानकावरचा आवाज काढला. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावरची नर्स काय झालं बघायला वर आली.

"कुलूपवाले. फोनवर या."

थोड्या वेळाने पुरुषाचा वैतागलेला आवाज आला. "कोण बोलतंय? ही फोन टाकून उभी काय राहिलीय?"

"हॉस्पिटलमधून बोलतेय. तिच्या तोंडाकडे बघा. तिला हसायला सांगा."

"मी सांगितल्यावर ती कधी हसलीय?"

"सांगा म्हणते ना."

पलीकडे काहीतरी पुटपुटणं. मग तो परत आला, आणि आता आवाज वेगळा होता. "एकाच बाजूने हसतेय."

"दोन्ही हात समोर धरायला सांगा."

"उजवा खाली येतोय." मग तो म्हणाला, "बाई, हे माझ्यासारखंच आहे."

"तुमच्यासारखंच आहे. म्हणून तुम्हाला काय करायचं ते कळायला हवं. उठा आता."

"मी उठलेलाच आहे," तो म्हणाला. मग बहुधा स्वतःचेच शब्द ऐकून दचकला. "पण मला जमणार नाही. मी पेशंट आहे."

"आज नाही. आजची जागा भरली."

मी अजून ॲम्ब्युलन्सवाल्यांशी बोलत होतो. गाडी मिळत होती, पण त्यांची गल्ली अरुंद, आत येणार नव्हती. गल्लीच्या तोंडाशी थांबेल म्हणाले. मी कागदावर लिहून चौकशीबाईंपुढे सरकवलं. त्यांनी वाचलं.

"तुमची ती चाकांची खुर्ची आहे ना? तिला तीत बसवा. गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचंय."

"आधी तिला पाणी देतो थोडं. आणि तिची प्रेशरची गोळी."

"काही देऊ नका. पाणीसुद्धा नको, घशात अडकेल. गोळ्यांचं पाकीट खिशात टाका आणि मोबाइलवरून मला लावा, नंबर सांगते."

दोन मिनिटांनी आमचा फोन वाजला. त्याने मोबाइल चालू ठेवून शर्टाच्या खिशात टाकला असावा, कारण पुढची दहा मिनिटं आम्ही फक्त ऐकत होतो. खुर्चीचं एक चाक कुईकुई करत होतं. तो धापा टाकत होता. उंबऱ्यावर खुर्ची अडली तेव्हा त्याने एक शिवी दिली, मग तिची माफी मागितली, मग खुर्ची उचलल्याचा आवाज आला. गल्लीतून जाताना तो सारखा बोलत होता. "घाबरू नकोस. मला पण झालं होतं की नाही? तोंड वाकडं होतं थोडं, मग सरळ होतं. मी आहे ना. पाय आत घे. अगं पाय आत घे ना, घासतोय तो." तिचं उत्तर ऐकू येत नव्हतं. एकदाच, फार बारीक, तिने म्हटलं, "किल्ली."

"घेतली," तो म्हणाला. "दार लावलंय मी."

चौकशीबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. ॲम्ब्युलन्सचं दार आपटल्याचा आवाज आला तेव्हाच त्यांनी तो खाली ठेवला.

मॅडम खाली तयारच होत्या. आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांना पहिला प्रश्न असतो, कधी सुरू झालं, आणि उत्तर असतं, सकाळी, म्हणजे काल, म्हणजे झोपून उठले तेव्हा. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे या काल-सकाळमध्ये अर्धे लोक हुकतात. कुलूपवाला म्हणाला, "अकरा वाजून नऊ मिनिटांनी."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"तुमच्याच बाईंनी लिहून घेतलंय."

मॅडमनी मला फोन केला. पहिला प्रश्न रुग्णाबद्दल नव्हता. "रेकॉर्डिंग चालू होतं ना?" असा होता. संशोधक माणसाचं काळीज असं असतं, त्याला इलाज नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी डावीकडे होती, बोलण्याच्या भागाजवळ. बारा वाजून एकवीस मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं.

वर आमच्या खोलीत चौकशीबाईंनी दोनशे बाराचा फॉर्म पुरा केला. शेऱ्यात लिहिलं: 'माहिती देणारीच आजारी पडली. बाकी प्रश्न पुन्हा विचारावेत.' मग त्यांनी दोनशे तेराला फोन लावला. त्यानंतर चौदाला. मग उठून बाहेर गेल्या आणि तोंड धुऊन, न पुसताच परत आल्या.

मी त्या बाईची सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली. प्रोग्रॅमने आकडा दिला. चौकशीबाई दरवेळी विचारायच्या, काय म्हणतोय पोपट. त्या दिवशी म्हणाल्या, "आज सांगू नका."

दुसऱ्या दिवशी आल्या त्या रागातच. मी विचारलं काय झालं. म्हणाल्या, "काल घरी जाऊन ह्यांना विचारलं, मला काही झालं तर मी गोळ्या कुठल्या घेते ते डॉक्टरांना सांगता येईल का? म्हणाले, हो, न सांगायला काय झालं, पांढऱ्या." त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "सदतीस वर्षं झाली लग्नाला. आमच्या घरात चार माणसांच्या गोळ्या पांढऱ्या आहेत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बसवलं आणि पाठ करून घेतलं. नाव, किती ताकदीची, सकाळी की संध्याकाळी. तिसऱ्यांदा जमलं. नातू त्यांच्यापेक्षा लवकर शिकतो."

कुलूपवाल्याची बायको नऊ दिवसांनी घरी गेली. जाताना ती नर्सला चमचा म्हणत होती आणि आपण चुकतोय हे तिला कळत होतं, ही चांगली खूण असं मॅडम म्हणाल्या. आता तीही आमच्या अभ्यासात होती, चारशे एकतीस नंबर. तीन महिने झाले तेव्हा नियमाप्रमाणे तिचा फोन दुसऱ्या कोणीतरी करायला हवा होता, कारण चौकशीबाई त्या प्रकरणात गुंतल्या होत्या. दुसरं कोणी नव्हतं. त्यांनीच केला. फोन कुलूपवाल्याने उचलला.

"थांबा हं बाई, गॅसवर बटाटे आहेत." खडखडाट झाला. "हां, बोला. आधी माझं विचारणार की हिचं?"

"तुमचं झालं होतं ना विचारून?"

"अर्धं राहिलं होतं त्या दिवशी."

त्यांनी त्याचंही विचारून घेतलं. आंघोळ स्वतः, कपडे स्वतः, बाजार स्वतः, स्वयंपाक, त्याच्याच शब्दांत, 'खाणारे जिवंत आहेत' इतपत. आकडा एक. मी टेबलावर थाप मारली. नऊ महिन्यांपूर्वी मी सांगितलेला आकडा हाच होता, आणि मधे त्याला एका गोळीचाही फरक केलेला नव्हता.

चौकशीबाईंनी रिसीव्हर झाकला. "बघा, पोपट बरोबर निघाला," त्या म्हणाल्या. "फक्त त्याच्या बायकोला लकवा व्हावा लागला."

माझी थाप तिथेच विरली.

मग बायको फोनवर आली. तिला शब्द सापडायला वेळ लागत होता, पण सापडत होते. उजव्या हाताने बटण लावता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. बाकी स्वतःचं स्वतः करत होती. चौकशीबाईंनी नेहमीसारखं "खरं सांगा" असं दोनदा बजावलं. आकडा दोन आला. माझ्या प्रोग्रॅमने तीन सांगितला होता. चुकल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता, आणि मी तो कोणाला दाखवला नाही.

"आणखी काही सांगायचंय का, वहिनी?"

ती थोडा वेळ शब्द जुळवत होती. "ताई," ती म्हणाली, "ह्यांना, ह्यांना परत, पेशंट करता येईल का? स्वयंपाकघर, फार, घाण करतात."

पलीकडे तो काहीतरी ओरडला. ती हसली. हसणं दोन्ही बाजूंनी होतं की एका, ते फोनवर कळत नाही.

त्या महिन्यात मॅडमनी चौकशीबाईंचे सगळे शेरे मागवून घेतले. माझ्याकडून त्यांची वर्गवारी करून घेतली, म्हणजे दोन आठवडे मी 'सासू शेजारी बसली होती' कुठल्या खान्यात टाकायचं यावर डोकं खाजवत होतो. शेवटी फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न आला: 'आजाराआधी हे काम घरात कोण करत असे?' त्याचं उत्तर प्रोग्रॅमला दिल्यावर भविष्य कमी चुकायला लागलं. आमचा निबंध छापून आला तेव्हा शेवटी आभारांत चौकशीबाईंना एक ओळ मिळाली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "तीन ठिकाणी स्वल्पविराम चुकलेत."

त्या अजून आहेत. मॅडमनी त्यांच्या हाताखाली आणखी तीन फोनवाल्या दिल्या, त्यांतली एक आठवड्यात पळाली, दोघी टिकल्या. पण नव्या प्रश्नामुळे एक भलतीच अडचण झाली आहे. पूर्वी एक फोन आठ मिनिटांत उरकायचा, आता पंधरा लागतात. कारण 'आधी हे काम कोण करायचं' असं विचारलं की उत्तर येत नाही, भांडण लागतं. नवरा म्हणतो मी करायचो, बायको म्हणते कधी, आणि तारखा निघतात. नव्या मुली घाबरून फोन ठेवायच्या. चौकशीबाईंनी त्यांना शिकवलं आहे की ठेवायचा नाही. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायचा, दुसऱ्या फॉर्मवर तारीख, नंबर वगैरे भरून घ्यायचं, आणि आवाज खाली आला की उचलून विचारायचं, "मग काय ठरलं?"

काल मी जेवून आलो तेव्हा तीन टेबलांवर तीन रिसीव्हर आडवे पडले होते.